क्लचवरचा पाय

गेटापाशी गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली. वॉचमन गेट उघडून बाजूला उभा होता, तो चटकन मागे सरकला आणि हसावं की नाही हे न कळून समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. त्याने मला कधी गाडी बंद पाडताना पाहिलं नव्हतं. मी तरी कुठे पाहिलं होतं? पोहायला शिकवणाऱ्याच्याच नाकातोंडात पाणी जावं तसं झालं. पार्किंगपासून गेटापर्यंत जरा उतार आहे, हँडब्रेक काढला की गाडी आपली आपण घरंगळत येते, त्यामुळे तिथवर काही कळलं नव्हतं. मी उगाच आरसा नीट केला, उगाच खोकलो, पुन्हा चावी फिरवली. डाव्या पायाने क्लच दाबला आणि या वेळी लक्ष देऊन दाबला म्हणून जाणवलं, पेडल हलकं झालं होतं. सोडायला लागलो तर पाय तळापासून जेमतेम बोटभर उठतोय तोच गाडीने उचल खाल्ली. माझ्या पायाला ती जागा पार वर ठाऊक होती. पेडल जवळजवळ सगळं सुटत आलं, गुडघा स्टिअरिंगला टेकायला आला, की मग कुठे गाडी जराशी विचार केल्यासारखी थांबायची आणि हलायची. मी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. ती जागा तिथे नव्हती.

"साहेब, ढकलू का?" वॉचमनने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "ठीक आहे गाडी."

ठीक होती, हेच तर दुखणं होतं. गाडी न चालवणाऱ्यांसाठी सांगतो, चालवणाऱ्यांनाही हे माहीत असतंच असं नाही: क्लच सोडताना एका ठरावीक उंचीवर गाडी पकडते. नवी असते तेव्हा ती जागा खाली असते, आणि आत प्लेट झिजत जाते तशी ती वर वर सरकत जाते. केबल आवळून ती खाली आणता येते, पण झिजलेलं काही भरून येत नाही. सभ्य माणसाने चालवली तर प्लेट वर्षानुवर्षं टिकते. ज्याला डावा पाय सदानकदा पेडलवर टेकवून ठेवायची खोड असते, तो तिची वाट लावतो. माझ्या गाडीची वाट माझ्या बायकोने लावली होती. ती जागा तिने तिच्या डाव्या पायाने, हळूहळू, माझ्या सगळ्या व्याख्यानांना धूप न घालता इतक्या वर नेऊन ठेवली होती. आणि बायकोला जाऊन आता वर्ष उलटून गेलं होतं. गाडीत तिचं तेवढंच राहिलं होतं, ती उंची. काल संध्याकाळपर्यंत मी लेकीकडे होतो, दुसऱ्या गावी. गाडीची दुसरी चावी मिस्त्रीकडे ठेवून गेलो होतो, मधूनमधून सुरू कर, बॅटरी उतरायला नको, एवढंच सांगून. तेवढ्यात कुणीतरी गिअरबॉक्स खाली उतरवून ती प्लेट बदलली होती. कुणीतरी म्हणजे कोण हे शोधायला काही डोकं लागत नव्हतं. आज रविवार होता आणि मी त्यांच्याकडेच निघालो होतो.

मिस्त्रीच्या गॅरेजमागे एक मोकळी जागा आहे, तिथे आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. आम्ही म्हणजे मिस्त्री, ज्याचं गॅरेज. डिझेल, ज्याने आयुष्यात पेट्रोलच्या गाडीला हात लावला नाही आणि लावणाऱ्यांना तो अजून लेकरं समजतो. आणि पॉलिश, जो दातांचा डॉक्टर आहे आणि गाडी चालवतो कमी, पुसतो जास्त. मला ते मास्तर म्हणतात. मी काही मास्तर नव्हतो. मी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचो, जन्मभर तेच केलं, पण गाडीविषयी बोलायला लागलो की माझा वर्ग भरतो असं त्यांचं म्हणणं. आमच्या गप्पा ऐकल्या तर बाहेरच्या माणसाला वाटेल यांना घरदार नाही. कुठलं ऑइल घालावं यावरून डिझेल आणि मिस्त्री एकदा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. जुनी गाडी घेताना आधी इंजिन ऐकावं की आधी मालकाचं तोंड बघावं, यावर तर आमच्यात कायमचे दोन तट आहेत. टायर कधी बदलावेत, थंड इंजिन किती वेळ तसंच चालू ठेवावं, पाण्याने धुवावं की नाही, एकाचं दुसऱ्याला पटत नाही. पण एका गोष्टीवर चौघांचं एकमत: गाडी चालू असताना डावा पाय जमिनीवर हवा. क्लचवर पाय ठेवून चालवणारा माणूस आमच्यात बसायच्या लायकीचा नाही. ही घटना, म्हणजे आमची राज्यघटना, मीच लिहिलेली. आणि माझ्याच घरात ती पाळली जात नव्हती. दिव्याखाली अंधार, असं डिझेल म्हणायचा, आणि मग वहिनींना सांगू नकोस हां, असं पुढे घाईघाईने जोडायचा.

बायको गाडी शिकली उशिरा, लेक नोकरीला बाहेर पडल्यावर. घर एकदम मोठं झालं तसं तिला बाहेर पडावंसं वाटायला लागलं. पहिल्या दिवशी शिकवायला मी बसलो आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो आमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी तिने शिकवणीला नाव घातलं. "तुम्ही गाडीला शिकवा," ती म्हणाली, "मला शिकवायला दुसरं माणूस आहे." शिकली, चांगली शिकली, वळणं माझ्यापेक्षा सफाईने घ्यायची. पण डावा पाय. बसली की आधी ती डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायची आणि उघडा तळवा पेडलवर ठेवायची, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तसा, दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. चपलेतून कळत नाही म्हणायची. मी बाजूला बसून बघायचो आणि माझा जीव वरखाली व्हायचा. मला आत, खाली, लोखंडाला लोखंड घासताना ऐकू यायचं. मी सांगायचो, चित्र काढून दाखवायचो, एकदा मिस्त्रीकडून जळकी प्लेट आणून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. तिने ती उचलून बघितली, छान आहे म्हणाली, आणि त्यावर गरम पातेलं ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा मी अगदी शांतपणे विचारलं, "अगं पण का? पाय खाली ठेवला तर काय बिघडतं तुझं?" ती त्यावेळी एका लांबलचक सरळ रस्त्यावर होती, नजर समोर. मग म्हणाली, "पाय तिथं असला की वाटतं, नको झालं तर सोडता येईल. इंजिन त्याच्या वाटेनं, मी माझ्या." मी म्हटलं, ब्रेक असतो त्याला. ती म्हणाली, "ब्रेक वेगळा. तुम्हाला नाही कळायचं." मला खरंच कळलं नाही. मी त्यावर ब्रेक पॅडविषयी काहीतरी बोललो असणार.

माझं काम असं की गाडी बघून माणूस ओळखायचा. सीट कुठल्या बाजूला दबलंय, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय, कुठल्या पेडलचं रबर घासलंय. कितीदा तर त्या गाडीचा माणूस जगात उरलेला नसायचा, आणि मी त्याच्या सीटवर बसून त्याच्या पायांच्या खुणा बघायचो. रिपोर्टात लिहायचो: सर्वसाधारण झीज. लिहायचो आणि जेवायला जायचो. कधी कुणाची बायको, कुणाचा बाप बाजूला उभा असायचा, आणि गाडी भंगारात जाणार म्हटल्यावर उगाच दाराची काच वरखाली करत बसायचा. मला वाटायचं, हे लोक माझा वेळ खातायत. आमच्या गाडीच्या क्लचचं रबर डाव्या कडेला पार गुळगुळीत झालं होतं. रेघा नाहीशा होऊन तिथे अंगठ्याच्या उंचवट्याएवढा एक चकचकीत गोल पडला होता. ती गेल्यावर पहिल्यांदा एकटा गाडीत बसलो, बूट घालून, आणि निघालो. दाराबाहेर माणसं होती, लेक होती, मला नुसतं फिरून यायचं होतं. क्लच सोडला, सोडत गेलो, सोडत गेलो, गाडी हलेचना. आणि पार वर, तिच्या आजारपणात चालवताना माझं लक्षही गेलं नव्हतं तिथे, गाडीने पकडलं. मी म्हणजे इतका वेळ कोरडा ठणठणीत होतो. तिथे मला रडू कोसळलं. कारण ती उंची माझ्या ओळखीची होती. तिच्या गुडघ्याची होती. ती माझ्यापेक्षा बुटकी, सीट पुढे ओढून बसायची, तिचा गुडघा तिथे यायचा.

तेव्हापासून मी ती जागा जपत होतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. लेकीला सांगितलं असतं तर तिने मला आपल्याकडे राहायला नेलं असतं. मी डावा पाय खाली ठेवायचो, तो तर मी नेहमीच ठेवत आलो. पण आता पहिला गिअर टाकताना श्वास धरून टाकायचो. प्लेट कागदाएवढी उरली होती, जास्त झिजली तर गाडीच हलणार नाही, आणि बदलली तर ती जागा जाणार. केबल आवळणं तर दूरच. म्हणून मी चढ टाळायला लागलो. बाजाराला जायचं तर मागच्या रस्त्याने, बँकेत जायचं तर लांबून वळसा घालून. आणि टेकडीवर हॉस्पिटल आहे, तिकडे जाणारा तो चढ तर मी गावाच्या नकाशातूनच पुसून टाकला होता. त्या चढावर मधोमध सिग्नल आहे. कुणा उंटावरच्या शहाण्याने तो तिथे बसवला देव जाणे. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यावर पट्टी होती, तपासायला जायचं तर तीच घेऊन जायची. तिच्याही तपासण्या तेव्हाच सुरू झाल्या होत्या, आम्ही एकाच फेरीत दोघांचं उरकायचो आणि त्याची मोठी चेष्टा करायचो, एकावर एक फुकट म्हणायचो. सिग्नलला लाल लागायचा. ती हँडब्रेक ओढायची नाही. अर्ध्या क्लचवर गाडी चढावर तोलून धरायची, पुढे नाही, मागे नाही, नुसती थरथरत उभी. आणि मग तो वास यायचा, जळक्या केसांसारखा, कडवट. मी एका डोळ्याने बघत ओरडायचो, "हँडब्रेक ओढ! जळतेय प्लेट!" ती म्हणायची, "गप्प बसा. मागे जातेय का गाडी?" शेवटच्या वेळी मात्र मी ओरडलो नाही. त्या दिवशी तिचा रिपोर्ट घ्यायचा होता. वास आला, मी काच खाली केली नाही. दोघंही त्या वासात सिग्नल सुटायची वाट बघत बसलो. त्यानंतर तिने गाडी चालवली नाही. त्यानंतर तिला त्या चढावरून मी मागच्या सीटवर निजवून न्यायचो.

गॅरेजमागे वळलो तर तिघं ओळीने उभे होते. शाळेच्या फोटोत उभे राहतात तसे, आणि तिघांच्याही तोंडावर काही माहीत नसल्याचा आव. डिझेलला आव आणता येत नाही. तो लगेच मोठ्याने सुरू झाला, म्हणे त्याच्या मेव्हण्याला एक जुनी गाडी मिळतेय, पहिला मालक, गाडी उभीच असायची, घ्यावी का. "उभी गाडी घेऊ नये," मिस्त्री म्हणाला, माझ्या गाडीकडे बघत. "उभ्या गाडीची सगळी रबरी सिलं वाळतात." पॉलिश म्हणाला, "आधी सीटकव्हरखाली बघावं. माणूस कव्हरखाली काय लपवतो त्यावर त्याची पारख." तिघंही बोलत होते आणि तिघांचेही डोळे माझ्या पायांकडे होते. मी इंजिन बंद केलं. उतरलो नाही.

"काय मास्तर," मिस्त्रीला राहवेना. "काही फरक जाणवला का?"

"गेटात बंद पडली," मी म्हणालो.

तिघं असे हसले की गॅरेजपुढचं कुत्रं उठून बसलं. डिझेलने मांडीवर थाप मारली. "मास्तरांची गाडी बंद पडली! अरे लिहून ठेवा कुणीतरी!" मग त्यांना धीर निघेना. एकमेकांचं तोडत तिघं सांगायला लागले. मी लेकीकडे पोचल्याचा फोन आला त्याच दिवशी ठरलं. मिस्त्रीने दोन गाड्या बाजूला ठेवल्या आणि आधी ही घेतली. कंपनीचीच प्लेट मिळवायला डिझेल पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेला, तिथे त्याला भलतीच दिली, तो भांडून परत बदलून घेऊन आला. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, केबल, सगळं नवं. गिअरबॉक्स उतरवताना पॉलिशने खालून तो पेलून धरला. दातांच्या डॉक्टरने! आणि त्याचा अंगठा काळानिळा झाला, म्हणून दवाखाना बंद ठेवावा लागला. त्याने अंगठा वर करून मला दाखवला, मोठ्या अभिमानाने.

"आणि रबरं बघितलीस का?" पॉलिश म्हणाला. "ती माझी आयडिया. तिन्ही पेडलांची नवी बसवली. क्लचचं तर पार टक्कल पडलं होतं रे."

मी खाली बघितलं. इतका वेळ बघितलं नव्हतं. काळीभोर रबरं, त्यावर उभ्या उठावदार रेघा, तिन्ही सारखी. "जुनं रबर?" मी विचारलं. "ते कुठे ठेवायचं," पॉलिश म्हणाला, "टाकलं." त्याच्या बोलण्यात इतकं साधं सुख होतं की मला त्याच्याकडे बघवेना.

मग मिस्त्री पुढे आला, दारावर हात ठेवून उभा राहिला. हसू गेलं होतं. "असं बघ," तो म्हणाला, "वहिनी गेल्यापासून तुझं गाडीकडे लक्ष नाही. तू काही बोलत नाहीस. पण तू, तू असा माणूस, क्लच पार वर आलाय, गाडी चढाला दम टाकतेय, आणि तू चढ सोडून लांबून जातोस. आम्ही बघतो ना. आम्हाला वाटलं, मास्तर खचला. याला गाडी बघवत नाही आता." त्याने दाराची कड अंगठ्याने पुसली. "वहिनी गेल्या तेव्हा आम्हाला काय बोलावं सुचलं नाही रे. तुझ्या घरी येऊन नुसते बसलो, चहा पिऊन परत आलो. आपल्याला जे येतं ते केलं." डिझेल दुसरीकडे बघत होता. पॉलिश चष्मा पुसत होता, आणि तो चष्मा पुसताना मला पहिल्यांदाच दिसला, कारण तो एरवी गाडीच पुसतो. या तिघांना मी काय सांगणार होतो? की मला गाडी बघवत नाही असं नाही, मी तिच्यात बसून तुमच्या वहिनीच्या गुडघ्यापाशी पाय नेत होतो? माणसाच्या सांत्वनाला गिअरबॉक्स उतरवणारे लोक या जगात आहेत तरी किती? त्यांच्यावर रागावता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

"पेडल कसं वाटतंय?" मिस्त्रीने विचारलं. त्याला उत्तर हवं होतं. तिघांनाही हवं होतं.

"लोण्यासारखं," मी म्हणालो.

डिझेलने टाळी वाजवली. "बघ, म्हटलं नव्हतं! आता काढ हिला चढावर, कशी उडते बघ. नाहीतर वहिनींचा तो पाय म्हणजे..." आणि तिथेच त्याने जीभ चावली. मिस्त्रीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असावं. मला मात्र त्याने ते वाक्य पुरं करायला हवं होतं. इतक्या दिवसांत त्या पायाविषयी कुणी बोललं नव्हतं. मी वाट बघितली, पण तो पुढे बोलेना. मग मीच म्हणालो, "म्हणजे काय, क्लचचा काळ." आणि हसलो. मग तेही हळूच हसले, सुटल्यासारखे.

"जुनी प्लेट?" मी विचारलं. मिस्त्रीच्या गॅरेजची रीतच आहे, बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे नंतर शंका नको. तो आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घेऊन आला. "अशी प्लेट मी जन्मात बघितली नव्हती," तो म्हणाला. "कागद झाली होती. ही गाडी चालत कशी होती हेच नवल. तू होतास म्हणून." मी कागद उलगडला. ताटलीएवढी लोखंडी चकती, मध्ये स्प्रिंगा, कडेला रिबिटं उघडी पडलेली. जड होती. मी ती तोंडाजवळ नेली, ते बघतायत हे माहीत असूनही नेली. वास नव्हता. "पेट्रोलने धुऊन दिलीय," मिस्त्री म्हणाला, "सगळी जळकट होती, तुझे हात कशाला घाण करायचे." बरोबर आहे. हातात नुसतं लोखंड होतं. तसल्या हजार चकत्या मी माझ्या आयुष्यात हातात घेतल्या असतील. तिचं जे होतं ते यात नव्हतंच कधी. तिची होती ती उंची, आणि उंची काही वर्तमानपत्रात गुंडाळून देता येत नाही. मी प्लेट बाजूच्या सीटवर ठेवली, मग ती तिथे बरी दिसेना म्हणून खाली ठेवली. चहा घे म्हणाले, तर जरा गाडी पळवून बघतो म्हणालो. हे कारण आमच्यात कुणीही, कधीही दिलं तरी चालतं. तिघंही खूश झाले, मागून हात हलवत राहिले.

बाहेर पडून मी डावीकडे वळायला हवं होतं, घराकडे. मी उजवीकडे वळलो. गाडी अशी चालत होती की माझ्याच व्यवसायाच्या शब्दांत तिला नाव ठेवायला जागा नव्हती. हलकी, आज्ञाधारक. दुसरा गिअर, तिसरा, कुठे कुरकूर नाही. माझा डावा पाय जमिनीवर होता, सवयीने, जन्मभर होता तिथे. आणि मला एकदम कळलं की मी इतके दिवस हा पाय जमिनीवर ठेवून तिची जागा जपत होतो, पण ती जागा काही जपून झालेली नव्हती. ती झिजवून झालेली होती. मी जपणारा, ती झिजवणारी, आणि मागे उरलं ते तिचं. मी जपलेलं काय उरलं? गाडीभर सगळं नीट होतं आणि त्यात कुणीही बसलेलं नव्हतं. समोर चौक आला. सरळ गेलं की हॉस्पिटलचा चढ.

गेलो. गाडीने चढ असा घेतला की मला लाज वाटली. मधोमध सिग्नल लाल झाला, व्हायचाच होता. ब्रेक दाबून, गिअर काढून मी थांबलो. हात हँडब्रेकवर गेला आणि मी तो काढून घेतला. वाकून डाव्या पायातला बूट सोडला, मोजा ओढून काढला. माझ्या वयाचा माणूस सिग्नलला एका पायातला बूट काढतोय, शेजारच्या मोटरसायकलवाल्याने मान वळवून बघितलं. उघडा तळवा मी पेडलवर ठेवला. नव्या रबराच्या रेघा तळव्याला टोचल्या. थंड होतं. पेडल दाबून गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय काढून थोडं पेट्रोल दिलं, क्लच अर्धा सोडला, आणि गाडी चढावर तोलून धरली. पुढे नाही, मागे नाही. ती थरथरायला लागली. तो थरथराट पेडलमधून तळव्यात आला, पोटरीत आला, गुडघ्यात आला. चपलेतून कळत नाही, ती म्हणायची. बुटातून तर नाहीच कळत. खाली सगळं इंजिन होतं, ओढत होतं, धुसफुसत होतं, आणि मी त्याला एका तळव्याने म्हणत होतो, थांब, थांब जरा, अजून नाही. ती या पेडलवर पाय ठेवून रिपोर्ट घ्यायला निघाली होती. नको झालं तर सोडता येईल, असं तिला वाटत होतं का तेव्हाही? तिथेही? मला आता विचारता येत नव्हतं. मी फक्त पाय तसाच धरून ठेवला. माझी पोटरी भरून आली, डोळे भरून आले, समोरचा लाल दिवा पसरला. आणि मग वास आला. अगदी किंचित, नव्या प्लेटचा कोवळा वास, पण तोच, कडवट. मी काच खाली केली नाही.

काचेवर टकटक झाली. मोटरसायकलवाला होता, हेल्मेट वर करून, खूण करत होता. चांगला माणूस असावा, त्याला राहवलं नसावं. त्याचा आवाज काचेतून बारीक आला, "काका, हँडब्रेक ओढा की! क्लच जळतोय तुमचा!"

"गप्प बसा," मी म्हणालो. "मागे जातेय का गाडी?"

त्याला ऐकू गेलं नसणार. सिग्नल हिरवा झाला, त्याने मान हलवली आणि तो पुढे गेला. मी हळूच क्लच सोडला, चढ चढायला लागलो, आणि पाय तिथेच ठेवला.